द्यायला तोंडी, काढायला लेखी

दादाने वहिनीचं मनगट दारात चेपून मोडलं, तेव्हा ती एकटीच गाडी करून आमच्या हॉस्पिटलात आली आणि बाथरूममध्ये घसरले असं सांगून प्लास्टर घालून घेतलं. एक्स-रे काढणारी बाई नंतर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "तुमच्या वहिनी फारच घसरतात हो. मागे बरगडी, त्याआधी दात, आता मनगट. बाथरूम बदला म्हणावं."

बाथरूम नाही, नवरा बदलायला हवा होता. हे मी वहिनीला पूर्वीही सांगितलं होतं आणि तिने पूर्वीही माझ्या तोंडावर हात ठेवला होता. ती आमच्याच हॉस्पिटलच्या औषध भांडारात काम करायची. कुठली गोळी कधी मुदत संपून बाद होणार हे तिला तोंडपाठ असायचं, पण स्वतःच्या सोसण्याची मुदत कधी संपणार ते तिला सांगता येत नव्हतं. लग्न झाल्यापासून तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता.

आणि मारणारा कोण, तर त्याच हॉस्पिटलचा सुरक्षाप्रमुख. माझा सख्खा मोठा भाऊ. पेशंटचे नातेवाईक डॉक्टरांवर धावून आले की मध्ये पडून दोन ठोसे खाणारा, सगळ्यांचा लाडका 'मेजर'. सैन्यात तो एक दिवस नव्हता, नाव मिशांमुळे पडलेलं. कुंपण शेत खात होतं आणि लोक कुंपणाला सलाम ठोकत होते.

त्या दिवशी मात्र प्लास्टर वाळायच्या आत वहिनी म्हणाली, "मी त्या घरात परत जात नाही." काय झालं, कशावरून ठरलं, मी काही विचारलं नाही. विचारत बसले असते आणि तिचं मन फिरलं असतं तर? हॉस्पिटलच्या मागे नर्सेसचे क्वार्टर आहेत, तिथे दुसऱ्या मजल्यावर तिला खोली मिळवून दिली. पोलिसांकडे जायला ती तयार नव्हती. "आधी मला झोपू दे गं," एवढंच म्हणाली.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. मी या हॉस्पिटलची नेटवर्कवाली. आमच्याकडे प्रत्येक माणूस डिरेक्टरीत असतो. कोण कुठल्या कॉम्प्युटरवर बसेल, कोणाचं कार्ड कुठलं दार उघडेल, सगळं तिथे ठरतं. ही डिरेक्टरी एकत्र कुटुंबासारखी असते, पडद्यावर वंशावळीच्या झाडासारखी दिसते. वर हॉस्पिटल, त्याच्या पोटात विभाग, विभागांच्या पोटात आणखी छोटे विभाग. सगळ्यांची कार्डं आणि पासवर्ड आम्हीच बघत बसलो तर जेवायला फुरसत मिळणार नाही, म्हणून विभागप्रमुखांना आपापल्या घरापुरते अधिकार वाटून दिलेले असतात. फक्त एक गोष्ट विसरायची नाही. वरच्याला दिलेला अधिकार त्याच्या पोटातल्या सगळ्यांवर आपोआप चालतो. आमच्या बोलीत याला वारसा म्हणतात. जिथे नको असेल तिथे तो हाताने तोडावा लागतो.

सुरक्षा विभागाचा अधिकार दादाकडे होता. त्यात गैर काही नाही, पहारेकऱ्यांची कार्डं त्याने नाही बघायची तर कोणी? पण क्वार्टरची दारं ज्या वर्षी बसवली त्या वर्षी बिल सुरक्षा विभागाने भरलं होतं, म्हणून ती दारं डिरेक्टरीत नर्सेसच्या पोटात न जाता सुरक्षेच्या पोटात जाऊन बसली होती. कोणी हलवली नाहीत. म्हणजे वहिनीच्या मजल्याचं दार कोणी उघडायचं, हे ठरवायचा हक्क दादाला वारशाने मिळत होता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! वहिनी राहायला गेली त्याच संध्याकाळी मी तो वारसा तोडला, त्या मजल्याच्या यादीत वहिनीचं, तिथल्या नर्सेसचं आणि माझं कार्ड ठेवलं आणि बाकी सगळ्यांना बाहेर काढलं.

दादाला कळायला वेळ लागला नाही. तो माझ्या खोलीत आला, दार लोटून घेतलं, खुर्ची ओढून माझ्या इतक्या जवळ बसला की त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला.

"काय नेटवर्कवाल्या बाई," तो हसत म्हणाला. "वहिनी काय म्हणतेय?"

"झोपतेय."

"झोपू दे. थकली असेल." त्याने माझ्या टेबलावरची कात्री उचलली, उघडमीट केली आणि परत ठेवली. "आई जेवत नाहीये. म्हणते, सून घरात नाही तर घास उतरत नाही. तुला आईचं काही वाटतं का गं?"

"तुझ्या हाताला वहिनीचं काही वाटलं का?"

तो हसायचा थांबला. "नवरा-बायकोत पडू नये," तो उठत म्हणाला. "मध्ये पडणाऱ्याला दोन्हीकडून लागतं."

तो गेल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी ती कात्री कचऱ्याच्या डब्यात फेकली. राग माझ्याही नाकाच्या शेंड्यावरच असतो, ते घराण्यातच आहे. आमचे बाबा जेवताना ताटात केस सापडला तर ताट भिंतीवर मारायचे, आणि भिंतीजवळ कोण बसलंय ते बघायचे नाहीत. दादाने मिशा त्यांच्यासारख्या ठेवल्या. मी निदान कात्री फेकताना डब्यात फेकते.

या रागापायी मी ऑफिसातही एक घोळ करून ठेवलेला. हिशेब विभागाच्या प्रमुखाने एकदा माझ्या माणसाला सगळ्यांदेखत गाढव म्हटलं, म्हणून मी त्या प्रमुखाचे सगळे अधिकार काढून घेतले आणि जेवायला गेले. त्या दिवशी कोणाचाच पगार झाला नाही. मग आमच्या साहेबांनी नियम काढला: अधिकार द्यायचा असेल तर फोनवर सांगितलं तरी चालेल, पण कोणाचा अधिकार काढायचा असेल तर साहेबांचं लेखी पाहिजे. द्यायला तोंडी, काढायला लेखी. सगळ्या हॉस्पिटलात त्याचा विनोद झाला होता. मीही हसले होते. वहिनीच्या मजल्याचा वारसा तोडताना मात्र मी कोणाचं लेखी घेतलं नव्हतं, कोणाला सांगितलंही नव्हतं.

ज्याला गाढव म्हटलं गेलं तो माझा सहकारी. त्याला सगळे होयबा म्हणतात, आणि त्याचंही त्याबद्दल काही म्हणणं नसतं. सरळ माणूस. कोणी काही मागितलं की याच्या तोंडून 'हो' आधी निघतं आणि प्रश्न नंतर समजतो. दादा माझ्याकडून उठला तो थेट त्याच्याकडे गेला नाही, तेवढी अक्कल त्याला आहे. तो आठवडाभर थांबला, आणि मी साहेबांबरोबर मीटिंगला बसले आहे हे बघून होयबाकडे गेला. "अरे, माझ्या पहारेकऱ्यांची कार्डं मागच्या बाजूला चालत नाहीत. तुमच्या त्या झाडात कुठेतरी काहीतरी तुटलंय बघ." होयबाने बघितलं. खरंच तुटलं होतं. क्वार्टरच्या फांदीवर वारसा बंद दिसत होता. त्याला वाटलं, कोणाकडून तरी चुकून झालं असेल. त्याने एक टिचकी मारली, वारसा जोडला, आणि मेजरसाहेबांनी पाठीवर थाप दिली म्हणून खूश होऊन चहाला गेला.

मी मीटिंगमधून बाहेर आले ती वैतागलेली. भर दुपार होती. मशीन उघडलं तर वर सूचना येऊन पडलेली: दुसऱ्या मजल्याच्या दाराच्या यादीत एक कार्ड वाढलं. वाढवणारा दादा. कार्ड दादाचं.

मी ते काढून टाकलं. घाईत हात दोनदा चुकीच्या ओळीवर गेला. पण डिरेक्टरीत काढलं म्हणजे दाराला लगेच कळतं असं नाही. दारं आपापली यादी थोड्या थोड्या वेळाने डिरेक्टरीकडून घेतात, चहाचा एक कप संपायला लागतो तेवढ्या वेळाने. तोपर्यंत जुनी यादीच खरी. म्हणजे दाराच्या दृष्टीने दादा अजून घरचा माणूस होता. वहिनीला फोन लावला. वाजला, वाजत राहिला.

मी पळाले. चपला जिन्यात राहिल्या. होयबा दारात चहाचा कप घेऊन उभा होता, तो अंगावर सांडला. "तू वारसा जोडलास?" मी ओरडले. "हो," तो म्हणाला. तिथल्या तिथे त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं, पण वेळ नव्हता.

क्वार्टरच्या प्रत्येक मजल्याला एकच लोखंडी दार. वरच्या भागात तारेची काच. आत जायला कार्ड लागतं आणि बाहेर यायलाही कार्डच लागतं. आग लागली तर लोक आत भाजून मरतील म्हणून मी त्यावर भांडले होते, कोणी ऐकलं नव्हतं. मी कार्ड लावून आत शिरले. बोळ रिकामा होता, सगळ्या नर्सेस कामावर असाव्यात. शेवटची खोली वहिनीची. तिच्या दाराची कडी चौकटीतून उखडून लोंबत होती.

दादा मारताना बोलत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. फक्त लोखंडी कपाटाचा आवाज येत होता. त्याने वहिनीचे केस मुठीला गुंडाळले होते आणि तिचं डोकं कपाटावर आपटत होता. घाई नव्हती. ती हाताने कपाट ढकलून धरायचा प्रयत्न करत होती, पण एका हाताला प्लास्टर. कपाटावर रक्ताचा ओघळ आला होता. तिच्या तोंडातून आवाजसुद्धा निघत नव्हता.

बोळात भिंतीवर आग विझवायची लाल टाकी टांगलेली असते. मी ती उचलली. जड होती. मागून जाऊन त्याच्या खांद्यावर घातली. त्याच्या हातातून केस सुटले. तो वळला, आणि मला बघून त्याला खरोखर आश्चर्य वाटलं असावं. मग त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंडात काहीतरी टणक फिरायला लागलं, तो माझा दात होता. मी थुंकले तोवर त्याने मला पलंगावर आडवं पाडून गळा धरला होता.

"सांगितलं होतं," तो दातओठ खात म्हणाला. एवढंच बोलला.

त्याचे अंगठे माझ्या गळ्यात रुतत होते. मी त्याच्या मनगटावर नखं मारली, मिशी ओढली, काही उपयोग झाला नाही. खोली अंधारत चालली. तेवढ्यात वहिनीने त्याच्या कानावर प्लास्टरचा हात घातला. असा घातला की प्लास्टर फुटलं आणि आतलं मोडकं मनगट पुन्हा मोडलं. ती किंचाळली. लग्नानंतर तिला किंचाळताना मी पहिल्यांदा ऐकलं. दादाचे हात सैल झाले. मी खाली सरकले, टाकी हाताला लागली, ती त्याच्या गुडघ्यावर घातली. तो खाली बसला. मग मी ती त्याच्या कपाळावर घातली. तो खाली बसलेलाच होता, तरीही घातली.

"चल," मी वहिनीला म्हटलं आणि टाकी काखेत मारून तिला अर्धवट ओढत, अर्धवट उचलत बोळातून बाहेर आणलं. कार्ड लावलं, दार उघडलं, आम्ही पलीकडे गेलो, दार आपटून बंद झालं. तिला जिन्याच्या पायरीवर टेकवलं. तिच्या केसांतून रक्त गळत होतं आणि तिचे पाय तिला पेलत नव्हते. तिला घेऊन दोन मजले उतरणं शक्यच नव्हतं.

दादा उठला. काचेतून दिसला, भिंत धरून, एक पाय ओढत येत होता. त्याने दाराला कार्ड लावलं. लाल दिवा लागला. एव्हाना दाराने नवी यादी घेतली होती आणि त्या यादीत तो नव्हता. त्याने पुन्हा लावलं. पुन्हा लाल. मग त्याने खिशातून फोन काढला, आणि काचेतून माझ्याकडे बघत कोणाशी तरी बोलला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण समजलं. त्याच्या ऑफिसात त्याच्या हाताखालचा एक पहारेकरी बसतो, त्याला सगळे हवालदार म्हणतात. त्याच्याजवळ दादाचा पासवर्ड असतो. 'माझं कार्ड दुसऱ्या मजल्यावर घाल,' एवढं सांगायला किती वेळ लागतो?

मी होयबाला फोन लावला. माझं मशीन ऑफिसात होतं, आणि अधिकाराची कामं फोनवरून करता येत नाहीत. ती बंदी मीच घातलेली.

"दुसऱ्या मजल्याच्या यादीत मेजरचं कार्ड आलंय का बघ."

"हो, आलंय."

"काढ."

"काढलं." थोडा वेळ गेला. "ताई, परत आलं."

"परत काढ."

"काढलं. परत आलं हो. तिकडून कोणीतरी घालतंय."

आम्ही काढायचं आणि हवालदाराने घालायचं, हा खेळ चालला होता, आणि दार यादी विचारेल त्या क्षणी ज्याचा डाव वर असेल तो जिंकणार. दादा आतून खुर्ची आणून दारावर आपटायला लागला. काच तडकली, तारेमुळे फुटली नाही.

"ऐक," मी होयबाला म्हटलं. "कार्डाचं सोड. त्याचा अधिकारच काढून टाक."

मग जन्मात कधी न ऐकलेला शब्द त्याच्या तोंडून आला.

"नाही," तो म्हणाला. "म्हणजे ताई, काढायला लेखी लागतं. साहेब बाहेर गेलेत. तुमच्यामुळेच तर नियम झाला ना? मागे तुम्ही रागात काढले होते, तेव्हा पगार... साहेब मला म्हणाले, पुन्हा असं झालं तर तुझी नोकरी जाईल."

"मेल्या, तो आम्हाला मारून टाकेल!"

"हो," तो घाबरून म्हणाला, "पण तुम्ही रागात आहात."

आयुष्यभर सगळ्यांना 'हो' म्हणत आला आणि 'नाही' म्हणायला मीच सापडले! मी त्याला शिव्या देणार होते. तोंडाशी आल्याही होत्या. पण माझा राग ऐकून तो आणखीच घट्ट बसला असता. मी फोन तडकलेल्या काचेला लावून धरला.

दादा एकाएकी खूप बोलायला लागला होता. "उघड! उघड म्हणतो ना! आज दोघींना इथेच पुरतो. तिला आधी. तुझ्या डोळ्यांसमोर तिचा दुसरा हात मोडतो, मग मान. ऐकतेस का गं?" आणि खुर्ची. आणि पुन्हा खुर्ची. माझ्या मागे पायरीवर वहिनी देवाचं नव्हे, माझं नाव घेत होती, हळू आवाजात, पुन्हा पुन्हा.

मी फोन कानाला लावला. होयबाच्या कीबोर्डचा आवाज येत होता.

"काढला," तो म्हणाला. "सुरक्षेचा सगळा अधिकार काढला. कार्डही काढलं." थोड्या वेळाने म्हणाला, "नाही आलं परत." मग रडक्या आवाजात, "वारसा तोडू का, ताई?"

"तोड."

दादाने पुन्हा कार्ड लावलं. दिवा लाल लागला. त्याने कार्ड पुसून पुन्हा लावलं. लाल. मग तो काचेला कपाळ टेकून उभा राहिला. कपाळातून रक्त येत होतं, ते काचेवरून खाली यायला लागलं. माझ्या हातातली टाकी मी अजून खाली ठेवलेली नव्हती. ते त्याने पाहिलं आणि तो हसला.

"शेवटी बाबांचीच पोरगी," तो म्हणाला.

त्याच मजल्यावर रात्रपाळी करून आलेली एक नर्स स्वतःच्या खोलीत झोपली होती. तिने पहिल्याच आवाजाला कडी लावून पलंगाखालून पोलिसांना फोन केला होता. पोलीस आले. त्यांच्यामागून आमचेच एक डॉक्टर स्ट्रेचर घेऊन आले. वहिनीला तपासून त्यांनी काचेतून आत बघितलं. दादा आता खाली बसला होता, मान कलती झाली होती.

"दार उघडा," डॉक्टर मला म्हणाले. "डोक्याला लागलंय त्याच्या."

"लागू दे."

"अहो, पेशंट आहे तो."

"मरू दे त्याला!" मी ओरडले. कार्ड माझ्या मुठीत होतं. मला खरंच वाटत होतं की त्याने तिथेच बसून रक्त वाहून रिकामं व्हावं, आणि मी काचेतून बघावं. हे वाटताना लाजही वाटत नव्हती. बरं वाटत होतं. फौजदार बाईंनी माझी मूठ उघडून कार्ड घेतलं आणि दार उघडलं.

दोन शिपायांनी दादाच्या काखेत हात घातले. तो डोळे उघडून त्यांच्यामधून पायरीवरच्या वहिनीकडे बघत होता. रागाने नाही, अगदी रोजच्यासारखं. "कुठे जाशील?" तो म्हणाला. "घरीच येशील."

त्याचा उजवा हात जमिनीवर टेकलेला होता. मी टाकी त्यावर घातली. बोटं मोडल्याचा आवाज कपाटाच्या आवाजापेक्षा बारीक होता. दादा गुरासारखा ओरडला. मी पुन्हा उचलली. शिपायाने मला कमरेला धरून मागे ओढलं, तरी मी उचललेली होती. वहिनी ओरडत होती, "बास! बास! बास!" मला वाटलं, ती दादाला सांगतेय. शिपायाने टाकी काढून घेतली तेव्हा मी तिच्याकडे बघितलं, आणि ती माझ्याकडेच बघून ओरडत होती.

दादावर गुन्हा नोंदला गेला. माझ्यावरही एक नोंदला गेला, बोटांचा. साहेबांनी माझे सगळे अधिकार काढून घेतले, लेखी, कोणी न मागता. आईचा फोन आला. ती आधी रडली आणि मग म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची होती. तू उघडलीस." मी म्हटलं, "आई, त्या मुठीत वहिनीचे केस होते." तिने फोन ठेवला. अजून उचलत नाही.

वहिनी बरेच दिवस वॉर्डात होती. तिथली एक नर्स तिचं करायची, मी फळं घेऊन जायचे, इकडचं तिकडचं बोलायचे. तिने यावेळी पोलिसांना सगळं सांगितलं, बरगडी, दात, मनगट, एकेक. मी बाजूला बसलेले होते. सांगताना ती एकदाही माझ्याकडे वळली नाही.

ती क्वार्टरमध्ये परत जाणार त्याच्या आदल्या दिवशी मी होयबाकडे गेले. "तिच्या दाराची यादी तिच्याच हातात दे," म्हटलं. "कोण येईल, कोण नाही, ते तीच ठरवेल. सुरक्षा नाही, आपण नाही, साहेबसुद्धा नाहीत. तिच्या मोबाइलवर करून दे, माझी ती मोबाइलबंदी तिच्यापुरती उठव."

"असं कधी कोणाला दिलं नाही," होयबा म्हणाला. मग माझ्या तोंडातल्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाला, "पण द्यायला तोंडी चालतं."

दुसऱ्या संध्याकाळी मी तिचे राहिलेले कपडे पिशवीत भरून वर गेले. बोळाच्या दारात नवी काच बसवली होती. कार्ड लावलं. लाल दिवा लागला. मला वाटलं, कार्ड नीट लागलं नाही. पुसून पुन्हा लावलं. लाल.

तेव्हा कळलं. होयबाने यादी तिच्या हातात दिली होती आणि तिने त्यातून पहिलं नाव काढलं होतं ते माझं.

माझ्या अंगाची आग झाली. जिच्यासाठी दात पाडून घेतला, नोकरी पणाला लावली, सख्ख्या भावाची बोटं मोडली, तिने मला बाहेर ठेवावं? मी दार बडवायला हात वर केला. चांगला वर केला, मूठ वळून. काचेच्या पलीकडे बोळात वहिनी उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे. मूठ बघून ती मागे सरकली, पाठ भिंतीला लागेपर्यंत, आणि प्लास्टरचा हात तिने तोंडासमोर धरला.

मी हात खाली घेतला. तो खाली यायला फार वेळ लागला. मग मी दाराशेजारची बेल वाजवली, परकं माणूस वाजवतं तशी, एकदाच.

"कोण?" तिने आतून विचारलं. मला बघत असूनही विचारलं.

"मी आहे, वहिनी," मी म्हटलं. "येऊ का?"

तिने हात तोंडावरून काढला. आमच्या घरात लग्न करून आल्यापासून तिला हा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता, आणि त्याचं उत्तर काहीही देता येतं हे तिला आता कळत असावं.

"आज नको," ती म्हणाली.

"बरं," मी म्हटलं. पिशवी दारापाशी ठेवली आणि जिना उतरले.